पाळीचा खाडा

आपल्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. त्यावर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर कधी लावला ती तारीख असते, भिशीचा दिवस असतो. शेजारच्या कन्नड घरातली दिनदर्शिका वेगळी, पण नोंदी याच. दूधवाला एक दिवस आला नाही तर महिनाअखेरीला आपण त्याचा हिशेब चोख मागतो. घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची पाळी दोन महिने आली नाही, तर तो खाडा मात्र कुठेच लिहिलेला नसतो.

मैत्रिणींनो, पाळी आली की काय करायचे, काय शिवायचे, कुठे बसायचे याचे नियम आपल्या दोन्ही भाषांनी भरपूर केले. मराठीत ‘कावळा शिवला’, कन्नडमध्ये ‘मुट्टु’. दोन्हीकडे अर्थ स्पर्शाचाच. आपण ‘बाहेरची’ म्हणतो, ते ‘होरगे’ म्हणतात. तोही अर्थ एकच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नोकरदार महिलांसाठी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस पगारी पाळीरजेचे धोरण मंजूर केले, तेव्हा त्याचीही घराघरांत चर्चा झाली. पण ही सगळी चर्चा आलेल्या पाळीची. न आलेल्या पाळीबद्दल दोन्ही भाषांत शांतता असते.

या शांततेचे कारण आपल्याला ठाऊक आहे. पाळी चुकली म्हटले की आईच्या मनात पहिली शंका एकच येते. ती शंका तोंडावर आली की घरात काय होईल, याची मुलीला धास्ती असते. म्हणून ती सांगत नाही. शिवाय मनातून तिला थोडे बरेही वाटत असते. पोट दुखत नाही, कपड्यांची काळजी नाही, रोज पहाटे पळायला जायला अडचण नाही. मैदानावरची एखादी ताई सांगते, ‘सराव चांगला चालला की पाळी थांबतेच गं.’ झाले, मुलगी निश्चिंत होते. आजचा लेख या निश्चिंतपणाविषयी आहे.

पहाटेची गर्दी

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या मुली आणि बायका घराबाहेर पडून व्यायाम करू लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे गेलात तर चालणाऱ्या आणि पळणाऱ्या बायका दिसतील. निपाणी, चिकोडी, संकेश्वरसारख्या गावांतही जिममध्ये महिलांसाठी वेगळी वेळ ठेवलेली असते. भरतीची तयारी करणाऱ्या मुली तर गावोगाव आहेत. लष्कराच्या मिलिटरी पोलीस दलात जवान म्हणून महिलांना घेण्यासाठी देशातला पहिला भरती मेळावा ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या बेळगावातच झाला. त्यात १.६ किलोमीटर धावण्याची परीक्षा होती. या दलाची ८३ महिलांची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. तेव्हापासून ‘मुलगीसुद्धा पळू शकते’ हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

दुसरीकडे लग्नसराई आहेच. साखरपुडा झाला की फोटोत बारीक दिसायचे म्हणून दोन महिन्यांत आठ-दहा किलो उतरवण्याचा चंग बांधला जातो. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री सूप आणि मध्ये तासभर झुंबा! काट्यावर आकडा उतरतो, सगळे कौतुक करतात. आणि पुढच्या महिन्याची तारीख येते अन् जाते.

पोलिसात जायचे असलेली मुलगी असो की बोहल्यावर चढायची असलेली, दोघींच्या शरीरात घडते ते एकच.

शरीराचा जमाखर्च

पाळीचे नियंत्रण गर्भाशयात नसते, मेंदूत असते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो ठराविक वेळाने, साधारण तास-दीड तासाने, एक संदेश सोडतो. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी बीजकोशांना कामाला लावते. बीजकोशात बीज पक्व होते, इस्ट्रोजेन तयार होते, बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होते आणि गर्भ राहिला नाही की सुमारे दोन आठवड्यांनी पाळी येते.

हा मेंदूतला कारभारी मोठा हिशेबी आहे. घरात मिळकत कमी झाली की आपण काय करतो? आधी नवे दागिने, मग सहल, मग सणाचे कपडे बंद करतो. चूल मात्र शेवटपर्यंत पेटती ठेवतो. शरीरही तसेच वागते. खाल्लेले अन्न कमी आणि खर्च जास्त असे दिवसेंदिवस चालले की हृदय, फुफ्फुस, मेंदू यांना पुरवठा चालू राहतो आणि मूल वाढवण्याची तयारी तहकूब होते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे एक संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा शोध १९९४ मध्ये लागला. कोठारात किती शिल्लक आहे, हे मेंदूला कळवण्याचे काम ते करते. शिल्लक घटली, लेप्टिन घटले, की हायपोथॅलॅमसचा ठोका मंदावतो. मनावरचा ताण आणि कमी झोप यांनी तो आणखी मंदावतो.

हे एकदम होत नाही. आधी बीज बाहेर पडल्यानंतरचे दिवस कमी होतात. मग एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही, पण रक्तस्राव होतो. त्यामुळे बाईला वाटते, सगळे ठीक आहे. मग अंगावरून कमी जाऊ लागते, तारीख पुढे सरकते आणि शेवटी पाळी थांबते. म्हणजे पूर्ण खाडा पडतो तेव्हा बिघाड आधीच काही महिने सुरू झालेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात तिथल्या जवळपास निम्म्या बायकांची पाळी थांबली होती. अन्न मिळू लागल्यावर ती परत आली. त्या बायका काही व्यायाम करत नव्हत्या. पोटात अन्न नव्हते, एवढेच.

दोष व्यायामाचा की उपासाचा?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाळी नियमित असलेल्या पण धावण्याची सवय नसलेल्या २८ तरुणींना दोन महिने कडक व्यायाम करायला लावला. सुरुवातीला रोज सहा-साडेसहा किलोमीटर धावणे, पाचव्या आठवड्यापर्यंत रोज सोळा किलोमीटर. काहींना वजन उतरेल असे कमी खायला दिले, काहींना वजन टिकेल इतके दिले. २८ पैकी फक्त चौघींचे चक्र सुरळीत राहिले आणि त्यातल्या तिघी वजन टिकवलेल्या गटातल्या होत्या. व्यायाम थांबल्यावर सहा महिन्यांच्या आत सगळ्यांचे चक्र पूर्ववत झाले.

पुढे प्रश्न अधिक बारकाईने तपासला गेला. व्यायाम तेवढाच ठेवून त्याची भरपाई होईल इतके खायला दिले, तर मेंदूचा तो ठोका फारसा बिघडत नाही, असे दिसले. माकडिणींवरच्या एका प्रयोगात तर व्यायामाने थांबलेली पाळी, व्यायाम जराही कमी न करता नुसते जास्त खायला घालून परत आली.

म्हणजे धावणे हा गुन्हेगार नाही. धावून आल्यावर ताटात काय पडते, हा खरा प्रश्न आहे. ‘पळू नको’ असे मुलीला सांगायची गरज नाही. ‘पळतेस ना, मग जेव’ असे सांगायची गरज आहे.

भाकरीचा हिशेब

आता हिशेबच मांडू. समजा, एका मुलीचे वजन ५० किलो आहे. त्यातली सुमारे दहा किलो चरबी वजा केली तर ४० किलो राहते. ते स्नायू, हाडे, अवयव वगैरे. व्यायामाचा खर्च वजा जाता या ४० किलोला दर किलोमागे रोज ४५ कॅलरी मिळाल्या तर शरीराचे सगळे विभाग नीट चालतात. निरोगी तरुणींवरच्या २००३ च्या एका अभ्यासात ही उरलेली रक्कम ३० च्या खाली नेल्यावर केवळ पाच दिवसांत मेंदूचा ठोका मंदावलेला दिसला. ही ३० ची रेषा प्रत्येकीला तंतोतंत लागू पडत नाही. कुणाचे थोड्या वर बिघडते, कुणाचे खाली. पण अंदाज यायला ती पुरेशी आहे.

आपली मुलगी रोज आठ किलोमीटर पळते. धावण्याला दर किलोमीटरमागे दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे ४०० कॅलरी तिथे गेल्या. दिवसभरात ती बिनसाखरेचा चहा, दुपारी एक भाकरी-भाजी, संध्याकाळी एखादे फळ आणि रात्री थोडा भात असे मिळून १२०० कॅलरी खाते, असे धरू. उरल्या ८००. चाळीसने भागले तर किलोमागे २० आल्या. तीसही नाहीत! अशा मुलीची पाळी चुकली तर नवल नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिला हवे आहे ते २२०० कॅलरींच्या आसपास. ही हजाराची तूट भरायला महागडी पावडर लागत नाही. जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या जास्त, वाटीभर घट्ट आमटी, मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा, एक केळे आणि ग्लासभर दूध. एवढ्याने ती बरीचशी भरून निघते. डिंकाचा लाडू, ज्याला शेजारी ‘अंटिन उंडे’ म्हणतात, किंवा गोकाकचा करदंट हे आपल्या आज्यांनी उगाच शोधले नव्हते. अंगमेहनत करणाऱ्या आणि बाळंत झालेल्या बाईला थोडक्यात जास्त जोर मिळावा, म्हणून ते होते. एरवी बसून काम करणाऱ्यांनी ते बेताने खावेत. रोज आठ किलोमीटर पळणारीने मात्र ‘जाड होईन’ म्हणून लाडू बाजूला सारू नये.

एखाद्या सोमवारचा किंवा संकष्टीचा उपास पाळी बिघडवत नाही. पण सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, वर डाएट आणि वर जिम असे सगळे एकत्र आले, तर हिशेब तुटीतच जाणार.

हाडांवर काय बेतते?

‘पाळी नाही आली तर बिघडले काय? मूल तर आता नकोच आहे,’ असे मुली म्हणतात. बिघडते ते हाडांत.

मुलींच्या हाडांची जवळपास ९० टक्के भरणी अठरा ते वीस वर्षांपर्यंत होऊन जाते. ही आयुष्यभराची ठेव आहे आणि ती बांधायला इस्ट्रोजेन लागते. पाळी थांबली म्हणजे बहुधा इस्ट्रोजेन घटले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या १४ आणि पाळी नियमित असलेल्या १४ महिला खेळाडूंची हाडे तपासली. पाळी थांबलेल्या खेळाडूंचे सरासरी वय २५ च्या आसपास होते, पण त्यांच्या मणक्यांची घनता ५१ वर्षांच्या बाईइतकी निघाली. व्यायामाने हाडे बळकट होतात हे खरे, पण इस्ट्रोजेन नसेल तर नुसता व्यायाम ती उणीव भरून काढत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी हे नीट वाचावे. नडगीच्या किंवा पावलाच्या एकाच जागी दुखते, दाबले की जास्त दुखते, विश्रांतीने थांबते आणि पळताच पुन्हा सुरू होते, हे हाडाला बारीक चीर गेल्याचे लक्षण असू शकते. मुलगी बाम चोळते, पट्टी बांधते आणि पळतच राहते. मग ऐन भरतीच्या वेळी पाय प्लास्टरमध्ये! ज्या परीक्षेसाठी जेवण कमी केले, तीच परीक्षा हातची जाते.

खेळाच्या वैद्यकशास्त्रात हे आता मान्य झाले आहे. कमी खाणे, पाळी बिघडणे आणि हाडे ठिसूळ होणे या तिघांची सांगड १९९० च्या दशकातच घातली गेली होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याला ‘रेड-एस’ असे नाव देऊन व्याप्ती वाढवली. अन्नाच्या तुटीने पाळी आणि हाडेच नव्हे, तर प्रतिकारशक्ती, मनःस्थिती, हृदय आणि खेळातली कामगिरीही बिघडते. पुरुष खेळाडूंनाही हा त्रास होतो. त्यांच्याकडे पाळीचा खाडा दिसत नाही, एवढाच फरक.

वजनगटाच्या खेळात तर काट्याची टांगती तलवार असतेच. आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून ज्युदो-कुस्तीकडे वळणाऱ्या मुलींच्या घरी ‘गटात बसायचे’ हा शब्द ओळखीचा झाला. ७ ऑगस्ट २०२४ हा दिवस पॅरिस ऑलिंपिकमधल्या भारतीय मुलींसाठी कठीण होता. सकाळी विनेश फोगाट ५० किलो गटात सुमारे १०० ग्रॅम जास्त भरली आणि अंतिम कुस्तीआधी बाद झाली. वजन उतरवण्यासाठी तिने रात्रभर धडपड केली होती. त्याच दिवशी ४९ किलो गटात मीराबाई चानूचे पदक थोडक्यात हुकले. पाळीचा तिसरा दिवस असल्याने थोडा अशक्तपणा होता, असे तिने नंतर मोकळेपणाने सांगितले. देशासमोर ती हे बोलू शकली, तर आपल्या मुलीला प्रशिक्षकांसमोर बोलता यायला हरकत नसावी.

नाण्याची दुसरी बाजू

हे वाचून कुणी चालणे बंद करू नये! कारण कितीतरी बायकांची गोष्ट नेमकी उलट आहे. वजन वाढल्यामुळे त्यांची पाळी लांबते.

जास्त चरबीतही एक प्रकारचे इस्ट्रोजेन तयार होते. इन्सुलिनचे प्रमाण वाढते, त्याने बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीज वेळेवर सुटत नाही. पीसीओडी म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्यात हे दिसते. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरमे, मानेवर काळसर पट्टा. अशा बाईचे वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी पुष्कळदा चक्र सुधारते. म्हणजे ७० किलोच्या बाईने साडेतीन ते सात किलो उतरवले तरी खूप झाले. लग्नाच्या वेळी होती तशी ५० किलोची व्हायची गरज नाही. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा. आठवड्यातून १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, हे बहुतेकींना झेपते. पाळीत पोट दुखणाऱ्यांनाही नियमित व्यायामाने आराम पडतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वजन उतरू लागले की बीज सुटू लागते आणि ते पाळी येण्याच्या आधी सुटते. ‘मला पाळीच नाही, मग दिवस कसे राहतील?’ या समजुतीवर राहू नये. २०२५ पासून वजन उतरवण्याची इंजेक्शने आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. मूल हवे असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधी तसे सांगावे.

म्हणजे वजन उतरवणे एकीला औषध आहे आणि दुसरीला अपाय. आपण कुठल्या बाजूला आहोत हे ओळखायचे कसे? भारतीयांसाठी उंचीनुसार एक ढोबळ माप आहे. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन साधारण ४४ ते ५५ किलो असावे. त्याखाली असाल आणि पाळी चुकत असेल, तर आणखी उतरवायचा विचार सोडा. वर असाल, तर सावकाश उतरवा. आणि मापात असूनही महिन्या-दोन महिन्यांत भराभर किलो गेले असतील, तरी पाळी चुकू शकते. कारण मेंदू किती उरले यापेक्षा किती वेगाने चालले आहे, याकडेही बघतो.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

एवढा वेळ आपण ठरवून वजन उतरवणाऱ्यांबद्दल बोललो. निपाणीच्या वखारीत दिवसभर तंबाखूत राबणारी, शेतात भांगलणारी, डोक्यावरून मोळ्या वाहणारी बाई कुठल्याही जिममध्ये जात नाही. तिचा खर्च मात्र खेळाडूइतका असतो आणि घरात ती सगळ्यांच्या शेवटी, उरलेले जेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या कर्नाटकातल्या सुमारे ४८ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे ताट सारखेच रिकामे!

आपल्या कारखान्यांना ऊस तोडायला बीड भागातून टोळ्या येतात. त्यांच्यात कामाचा दिवस चुकला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीचा त्रास म्हणजे खाडा, म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा मार्ग अनेकींनी पत्करला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातली स्थिती तपासली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीला नुसती कटकट मानले की गोष्ट कुठवर जाते, ते यावरून समजावे.

आणि न ठरवता वजन उतरत असेल, तर तो व्यायामाचा परिणाम समजू नये. वजन घटणे, बारीक ताप, भूक मंदावणे आणि पाळी थांबणे यांमागे क्षयरोग असू शकतो. थायरॉइड जास्त काम करू लागले किंवा मधुमेह असला तरीही असे होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मोठ्या बाईचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असले तर ते नॉर्मल. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींचे पहिली काही वर्षे ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. पुढच्या गोष्टींत थांबू नये –

• पाळी नियमित असताना सलग तीन महिने आली नाही.
• पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी मुलीला पाळी आली नाही.
• दोन पाळ्यांतले अंतर वारंवार पस्तीस दिवसांहून जास्त होते.
• सात दिवसांहून अधिक किंवा फार जास्त रक्तस्राव होतो.
• पाळी चुकण्याबरोबर नडगी-पाऊल दुखते, चक्कर येते, केस गळतात किंवा सतत थंडी वाजते.
• मुलगी खाणे टाळते, जेवून उलटी काढते किंवा बारीक असूनही ‘मी जाड आहे’ म्हणत राहते.

डॉक्टर लग्न झालेल्या बाईची आणि गरज वाटल्यास मुलीचीही आधी गर्भ आहे का ते पाहणारी लघवीची तपासणी करतील. यात कुणी अपमान मानू नये. तो तपासण्यांचा पहिला नियमच आहे. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी. वजन किती उतरले, व्यायाम किती, जेवण काय, हे आपणहून सांगावे. बारीक मुलीच्याही सोनोग्राफीत कधीकधी बीजकोशात लहान लहान गाठीसारखे दिसते आणि ‘पीसीओडी आहे, वजन उतरव’ असा सल्ला कानावर पडतो. अशा वेळी आपली पूर्ण हकीकत सांगून पुन्हा विचारावे. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होते.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. ‘पाळी आणायच्या गोळ्या’ घेतल्या की रक्तस्राव होतो आणि घरातले निर्धास्त होतात. पण तो गोळ्यांचा परिणाम असतो. मेंदूचा ठोका सुरू झाला, असा त्याचा अर्थ नव्हे. कमी खाण्याने थांबलेल्या पाळीत गर्भनिरोधक गोळ्यांनी हाडांचे रक्षणही भरवशाने होत नाही. तिथे पहिले औषध म्हणजे पुरेसे जेवण, थोडी विश्रांती आणि झोप. चक्र परत यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, धीर धरावा.

खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल, तर कर्नाटकात सरकारी आरोग्य केंद्रांत किशोरवयीनांसाठी ‘स्नेहा क्लिनिक’ची सोय आहे. आपल्या जवळच्या केंद्रात किंवा आशाताईकडे त्याची चौकशी करावी.

घरात काय करता येईल?

कालनिर्णयावर पाळीच्या पहिल्या दिवशी एक बारीक टिंब द्यावे. नाव लिहायची गरज नाही. मुलगी वसतिगृहात असेल तर तिने वहीत किंवा मोबाइलमध्ये नोंद ठेवावी. दोन टिंबांमधले दिवस मोजायची सवय लागली की बिघाड लवकर कळतो.

व्यायाम झाल्यावर तासाभरात काहीतरी खायला मिळेल असे बघावे. शेंगदाण्याची चटणी-भाकरी, उसळ, अंडे, दूध, घरात असेल ते. पहाटे पळून येऊन आंघोळ, बस आणि कॉलेज या धांदलीत बहुतेक मुलींचे हेच खाणे चुकते.

वडिलांना आणि भावांनाही हे वाचायला द्यावे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांना ‘पाळी’ हा शब्द उच्चारायला संकोच वाटत असेल, तर त्यांनी निदान मुलींना सांगावे, ‘काही त्रास असेल तर घरी किंवा डॉक्टरांना सांगा, लपवू नका.’ पाळी थांबणे हे चांगल्या सरावाचे प्रमाणपत्र आहे, असे मात्र कुणीही सांगू नये.

आपल्या शेजारी घरोघर एक म्हण ऐकू येते – ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल’. ज्याला जेवायचे कसे ते कळते, त्याला रोग नाही. ज्याला बोलायचे कसे ते कळते, त्याला भांडण नाही. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल आज पुष्कळ लिहिले. दुसरा अर्धा आयांनो, तुमच्यासाठी. मुलीने ‘आई, दोन महिने झाले, आली नाही’ असे सांगितले, तर कपाळाला आठी घालण्याआधी जवळ बसवून विचारा, ‘नीट जेवतेस ना गं?’ एवढे विचारले तर पुढचे ती आपणहून सांगेल.